गुण होते, तरी सीट का गेली? नामांकित कॉलेजच्या अर्जातून शिकण्यासारखे धडे

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये पेढे वाटले जातात, हार घातले जातात, मशिदीच्या कमिटीकडून सत्कारही होतो. पण ज्या महिन्यात सत्कार होतात, त्याच महिन्यात प्रवेशाचे अर्ज भरले जात असतात, आणि त्यांच्याकडे तेवढं लक्ष नसतं. ऑगस्टमध्ये कळतं की ज्याला कमी गुण होते तो सरकारी कॉलेजात गेला आणि ज्याचा सत्कार झाला तो घराजवळच्या खासगी कॉलेजात दुप्पट-तिप्पट फी भरतोय. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं, "नसीब."

नशिबावर आपला ईमान आहेच. पण दरवर्षी मुलांच्या फायली पाहताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. चांगली सीट जाते ती बहुतेक वेळा गुणांमुळे नाही. ती कागदामुळे जाते, पसंतीक्रमामुळे जाते, किंवा घरात वेळेवर न झालेल्या चर्चेमुळे जाते. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. म्हणून त्या एकेक करून समजून घेऊ.

आधी दरवाजे ओळखा

"सीईटी दिली आहे, बघू कुठे लागतं," असं मुलं सांगतात. प्रत्येक परीक्षेचा दरवाजा वेगळा आहे. एमएचटी-सीईटी दिली की राज्यातली अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी अशी कॉलेजं उघडतात. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, माटुंग्याची आयसीटी यांच्या बहुतेक जागा याच मार्गाने भरल्या जातात. जेईई मेनवर नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटी आणि ट्रिपल आयटी मिळतात, आयआयटीसाठी पुढे जेईई ॲडव्हान्स्ड लागते. या सगळ्यांचं जागावाटप 'जोसा' या एकाच प्राधिकरणाकडून होतं. एमबीबीएस, बीडीएससाठी नीट. कायद्याच्या राष्ट्रीय विद्यापीठांसाठी क्लॅट, आणि ही विद्यापीठं आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद अशा तिन्ही ठिकाणी आहेत. कला, वाणिज्य, मूलभूत विज्ञानासाठी २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी आहे. आपली मुलं इथे फार कमी दिसतात, कारण आपल्याकडे "चांगलं कॉलेज" म्हणजे फक्त डॉक्टर-इंजिनिअर असं ठरून गेलं आहे.

दोन अटी लक्षात ठेवा. एक, जेईईत कितीही चांगली रँक आली तरी आयआयटी-एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं (अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के). क्लासवाले "बोर्डाची काळजी करू नका" म्हणतात, ते ऐकून बारावीकडे पाठ फिरवू नका. दोन, सीयूईटीत कोणते विषय घ्यायचे हे कॉलेजच्या अटी बघून ठरवायचं असतं. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स हवं असेल तर सीयूईटीत गणित द्यावंच लागतं. फॉर्म भरताना गणित सोडलं, की मग बाकी पेपरात पैकीच्या पैकी पडले तरी तो दरवाजा बंद.

कागद: फाईल नववीतच उघडा

आपल्या समाजाचं सर्वात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून बोलतो.

पहिली अडचण नावाची. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये "शेख मोहम्मद अयान रफिक", आधारवर "अयान रफीक शेख", जन्मदाखल्यावर "मो. अयान". उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना "शेख"ची स्पेलिंग एकाच घरात तीन प्रकारची होते. आईच्या नावापुढे कुठे बी, कुठे बेगम, कुठे काहीच नाही. माणूस एकच आहे हे आपल्याला माहीत असतं, पण पडताळणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कागदच दिसतो. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेत जाऊन नोंद बघा आणि जन्मदाखल्याच्या आधारे दुरुस्तीचा अर्ज द्या. तेव्हा हे काम शाळा आणि शिक्षण विभागाच्या पातळीवर होतं. दहावीचं प्रमाणपत्र हातात आल्यावर तेच काम बोर्ड, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र असं लांबत जातं.

दुसरी अडचण जातीची. "मुसलमानांत जात कुठे असते?" असं अनेक पालक अभिमानानं म्हणतात. दीनमध्ये नाही, बरोबर आहे. पण राज्याच्या ओबीसी यादीत मोमीन-अन्सारी, बागवान, तांबोळी, पिंजारी, मणियार, अत्तार असे आपले अनेक व्यवसायाधारित समूह आहेत, आणि छप्परबंद हे विमुक्त जातींत आहेत. २०१४ साली मुस्लिमांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश आला होता, त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे "मुस्लिम आरक्षण" म्हणून राज्याच्या प्रवेशात काही शोधू नका. आहे ते या जातींच्या यादीत आहे.

व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या ओबीसी जागेसाठी तीन कागद लागतात: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर. यातलं वैधता प्रमाणपत्र सर्वात जास्त वेळ खातं. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा शाळेचा दाखला काढला, तर त्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं. इथे बरेच जण हात टेकतात. टेकू नका. वडिलांच्या बाजूच्या कोणत्याही रक्ताच्या नातेवाईकाची, म्हणजे काका, चुलत भाऊ, आत्या, यांपैकी कुणाची वैधता झाली असेल तर ती भक्कम पुरावा ठरते. जुनं खरेदीखत, नगरपालिकेची जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद यांत धंद्याचा किंवा जातीचा उल्लेख सापडतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांच्या दाखल्यावर काही नव्हतं, पण दुसऱ्या तालुक्यात राहणाऱ्या चुलत चुलत्याची वैधता निघाली. तो संपर्क लग्नाच्या एका दावतीत झाला! सांगायचं हे की खानदानात विचारा, आणि अकरावीतच विचारा. निकाल लागल्यावर समितीच्या दारात रांग असते.

तिसरी अडचण नमुन्याची. राज्याचं नॉन-क्रीमीलेअर घेऊन मुलं जोसाच्या पडताळणीला जातात आणि अडकतात. आयआयटी, एनआयटी आणि केंद्रीय विद्यापीठांना केंद्र सरकारच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल प्रमाणपत्र लागतं. जेईईसाठी ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं हवं. शिवाय तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का हे वेगळं तपासायचं, कारण राज्याची आणि केंद्राची यादी एक नाही.

आणि ज्यांचं नाव कोणत्याच यादीत नाही, अशा घरांसाठी ईडब्ल्यूएस आहे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनं आलेलं हे १० टक्के आरक्षण धर्म बघत नाही. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेले सय्यद, पठाण, मुघल सगळे यात बसू शकतात. केंद्राच्या नमुन्यात शेती आणि घराच्या आकाराच्याही अटी आहेत, त्या वाचून घ्या. आपल्याकडे रिक्षा चालवणाऱ्याचा मुलगा "ओपन" म्हणून फॉर्म भरतो आणि हा कागद काढतच नाही, हे बघून फार वाईट वाटतं.

पसंतीक्रम: भीतीनं भरू नका

आता सर्वात गैरसमजाचा भाग. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशात, म्हणजे कॅपमध्ये, तुम्ही कॉलेज आणि शाखांची यादी क्रमानं देता. पालकांना वाटतं, "वर मोठं कॉलेज टाकलं आणि ते मिळालं नाही, तर खालचंही जाईल." असं होत नाही. संगणक गुणवत्ता यादीप्रमाणे एकेका मुलाकडे येतो. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली रिकामी जागा तुम्हाला लागू होते ती देतो. वरच्या पाच ठिकाणी जागा नसेल तर तो सहाव्यावर जातो, आणि सहाव्या ठिकाणी तुमचा हक्क तेवढाच राहतो जेवढा ते पहिलं लिहिलं असतं तर राहिला असता. थोडक्यात, स्वप्न वर लिहिण्याचा दंड नाही. उलट, घाबरून साधं कॉलेज वर लिहिण्याचा दंड मात्र जबर आहे.

तो असा. पहिल्या पसंतीची जागा पहिल्याच फेरीत मिळाली तर ती आपोआप गोठते, म्हणजे ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात हा नियम आणखी पुढे नेला गेला. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तर ते बंधनकारक. म्हणजे यादीतली पहिली सहा नावं अतिशय विचार करून लिहायला हवीत. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहिती पुस्तिका स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

एका हुशार मुलीचं उदाहरण देतो. घरच्यांनी "जवळ आहे, बस मिळते" म्हणून शहरातलं खासगी कॉलेज पहिलं लिहायला लावलं. सरकारी कॉलेजं दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर. पहिल्याच फेरीत पहिली पसंती लागली, सीट गोठली. नंतर कट-ऑफ आला तेव्हा दिसलं, दोन सरकारी कॉलेजांत तिच्याहून कमी पर्सेंटाइलवर प्रवेश झाले होते. यंत्रणेनं तिच्यावर अन्याय केला नाही. तिनं जे मागितलं तेच दिलं.

यादी करायची कशी? मागच्या वर्षीचा कट-ऑफ उघडा आणि त्यातली अक्षरं वाचायला शिका. "ओपन"च्या आधी जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्य पातळीची जागा. एमआय म्हणजे अल्पसंख्याक. आपल्या मुलीनं फक्त जी ओपनचा आकडा बघून कॉलेज सोडून दिलं असेल आणि एल ओपनमध्ये ती बसत असेल, असं हमखास घडतं. मग यादीचे तीन भाग करा: मागच्या कट-ऑफनुसार थोडी वरची कॉलेजं, आपल्या आसपासची, आणि नक्की मिळणारी. तिन्ही भरपूर लिहा. दहा नावं लिहून थांबू नका. मात्र जिथे मिळालं तरी जाणार नाही, असं एकही नाव लिहू नका.

आणखी एक खुबी. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा. प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा, पालकांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, जातीची अट नाही. पण याचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी अक्षर असलेला. तो कोड यादीत लिहिलाच नाही तर जागा मिळणार कशी? ज्यांना फी जड जाते त्यांनी कॉलेजचा टी कोड आधी आणि साधा कोड त्याच्याखाली लिहावा.

जोसामध्ये सीट मिळाल्यावर तीन शब्द येतात. फ्रीझ म्हणजे हीच सीट, बस. फ्लोट म्हणजे ही ठेवतो, पण वरचं काहीही मिळालं तर द्या. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच राहू दे, शाखा चांगली मिळाली तर बदला. फ्लोट किंवा स्लाइड घेतल्यावर वरची सीट मिळाली की जुनी आपोआप जाते, हे समजून मगच निवडा. आणि फी मुदतीत भरली नाही किंवा कागदपत्रांबद्दल आलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, तर सीट रद्द. त्या दिवसांत रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन करून बघायचं, प्रवासात असलात तरी.

अल्पसंख्याक कोटा: काय आहे आणि काय नाही

राज्यातल्या मुस्लिम अल्पसंख्याक व्यावसायिक कॉलेजांत, उदाहरणार्थ भायखळ्याचं साबू सिद्दिक, न्यू पनवेलचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस, नागपूरचं अंजुमन अभियांत्रिकी, ५१ टक्के जागा समाजाच्या मुलांसाठी असतात. त्यासाठी अर्जात अल्पसंख्याक असल्याचा रकाना भरावा लागतो आणि पुरावा म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माचा उल्लेख किंवा ठरलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. दुसरी बाजूही लक्षात घ्या. अल्पसंख्याक संस्थांना ओबीसी, ईडब्ल्यूएस आरक्षणाचं बंधन नसतं, त्यामुळे तिथे ते दाखले उपयोगी पडतीलच असं नाही.

दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियाला २०११ मध्ये अल्पसंख्याक दर्जा मिळाला. तिथे ३० टक्के जागा मुस्लिमांसाठी, १० टक्के मुस्लिम महिलांसाठी आणि १० टक्के मुस्लिम ओबीसी व अनुसूचित जमातींसाठी आहेत. अलीगढबद्दल मात्र आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. तिथे धर्माच्या नावावर जागा राखीव नाहीत. राखीव आहेत त्या तिथल्याच शाळांमधून शिकलेल्या "इंटर्नल" मुलांसाठी, साधारण निम्म्या. आपल्या मुलाला बाहेरच्या म्हणून उरलेल्या जागांसाठी झुंजायचं आहे, तेव्हा तयारी तशी हवी.

उर्दू-मराठी माध्यमाच्या मुलांनो

"आम्ही उर्दू मीडियमचे, आमचं कुठे होणार?" हे वाक्य बंद करा. नीट आणि जेईई मेन दोन्ही १३ भाषांत होतात, त्यांत मराठी आणि उर्दू आहेत. सीयूईटीच्या भाषांमध्येही दोन्ही आहेत. राज्याच्या सीईटीतही जीवशास्त्र गटाला या भाषांची सोय राहिली आहे, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीत असतो. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते. आणि कॉलेजात गेल्यावर पुस्तकं इंग्रजीच असतात. म्हणून परीक्षेचं माध्यम कुठलंही घ्या, विज्ञानाच्या संज्ञा आठवीपासून दोन्ही भाषांत लिहून पाठ करा. माझ्या वर्गात मुलं वहीच्या पानाला मधोमध रेघ मारतात: एका बाजूला "इस्राअ", दुसऱ्या बाजूला त्वरण आणि त्याचा इंग्रजी शब्द. एवढ्यानं बराच फरक पडतो.

फीचा हिशोब आधी

राज्यात जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईनं सीट "बुक" केली की ही सवलत गेली. आता मागे जाऊन बघा: जो ईडब्ल्यूएस किंवा ओबीसी दाखला काढायचा कंटाळा केला होता, त्याची किंमत इथे चार वर्षांच्या फीएवढी आहे.

बाकी शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटीवर दरवर्षी अर्ज आणि नूतनीकरण करावं लागतं. वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च वेगळा धरा. व्याजाच्या कर्जाबद्दल अनेक घरांत शंका असते, त्यासाठी आपल्या आलिमांना विचारा, पण निकालाच्या आधी विचारा. जमातीच्या ट्रस्ट आणि जकात कमिट्याही मदत करतात. त्यांनाही महिनाभर आधी कागद द्यावे लागतात.

घरातली चर्चा

सगळे कागद पूर्ण, क्रम बरोबर, सीटही लागली, आणि मग अब्बा म्हणतात, "मुलीला एवढ्या लांब नाही पाठवायचं." हा निर्णय घ्यायचा तुमचा हक्क आहे, पण तो फॉर्म भरण्याआधी घ्या. मुलगी दोन वर्षं रात्र-रात्र जागली, तिला सीट मिळाल्यावर नकार देणं हे फार कठोर आहे. मे महिन्यातच बसून बोला. हवं तर ते शहर बघून या, मुलींचं वसतिगृह बघा, तिथे शिकणाऱ्या आपल्या एखाद्या मुलीच्या आईशी बोला. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या आहेत, राज्यात ३० टक्के जागा मुलींच्या आहेत. दरवाजा त्यांच्यासाठी उघडलेला आहे, आत जायचं की नाही हे घरात ठरतं.

मुलांच्या बाबतीत उलटं होतं. त्याला काय आवडतं हे न विचारता "कॉम्प्युटरच घे" म्हणून दामटलं जातं. चांगल्या कॉलेजातली दुसरी शाखा की साध्या कॉलेजातली कॉम्प्युटर शाखा, याचं एकच उत्तर नाही. मुलाला विषय झेपतो का आणि आवडतो का, हे विचारल्याशिवाय ते मिळणारही नाही.

आणि नाही मिळालं तर

या कॉलेजांत जागा कमी आणि अर्ज प्रचंड असतात. चांगल्या, मेहनती मुलांनाही नकार येतो. तो त्याच्या लायकीचा फैसला नसतो. नंतरही वाटा असतात: पदवीनंतर गेट देऊन आयआयटीत एमटेक, जॅमवरून एमएस्सी, पीजीच्या सीयूईटीवरून केंद्रीय विद्यापीठं. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर आधी बघा की या वर्षी नेमकं काय कमी पडलं. अभ्यास कमी पडला असेल तर थांबण्यात अर्थ आहे. कागद कमी पडला असेल तर आधी तो काढा, नाहीतर पुढच्या वर्षीही तेच होईल.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात आज नववी-दहावीतलं मूल असेल तर या आठवड्यात एक फाईल घ्या. जन्मदाखला, शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत, आधार, रहिवासी दाखला, जातीचे किंवा उत्पन्नाचे जे कागद असतील ते त्यात लावा आणि सगळ्यांवरचं नाव एकदा शेजारी-शेजारी ठेवून वाचा. जिथे फरक दिसेल तिथून काम सुरू करा. आणि ज्यांच्या घरातलं मूल या प्रक्रियेतून गेलं आहे, त्यांनी जूनमध्ये दोन रविवार मोहल्ल्यातल्या मदरशात किंवा वाचनालयात बसून इतरांचे फॉर्म तपासून द्यावेत. इल्म वाटल्यानं कमी होत नाही. सत्कार करायला आपण जमतोच, फॉर्म भरायलाही जमू या.